नदी थांबली तो भाद्रपद

भाद्रपद उतरणीला लागला की देवळा, सटाणा, कळवण या पट्ट्यातल्या लहान नद्यांवर लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येऊ लागतो. बंधाऱ्यांच्या खांबांमध्ये खाचा असतात, त्यांत लोखंडी फळ्या बसवायचे हे दिवस. पावसाळाभर त्या फळ्या कुणाच्या तरी खळ्यात एकावर एक रचून ठेवलेल्या असतात. चार माणसं एक फळी उचलतात, पाण्यात उतरतात, फळी खाचेत सोडतात. दोन फळ्यांमधल्या फटीत गोणपाट आणि काळी माती दाबली जाते. संध्याकाळपर्यंत पाणी मागे सरकत सरकत काठाच्या गवताला लागतं आणि गाव काठावर उभं राहून ते बघतं.

गेल्या आठवड्यात देवळ्याकडे जाताना हा आवाज पुन्हा ऐकू आला. त्यासरशी एक हंगाम आठवला. ज्या गावात तो घडला, त्याचं नाव इथे लिहिलेलं नाही. तेव्हा बातमीत लिहिलं होतं, तेवढं पुरे.

त्या वर्षी पाऊस पडला नाही असं म्हणता येत नव्हतं. ही पहिली अडचण. जूनमध्ये पडला, जुलैच्या एका आठवड्यात धो धो पडला, मग गेला. श्रावण कोरडा गेला. ढग रोज पश्चिमेकडून यायचे, डोंगराच्या पलीकडे सुरगाण्यात, पेठमध्ये, इगतपुरीत रिकामे व्हायचे आणि इकडे नुसती सावली टाकून पुढे जायचे. त्याच दिवसांत धरणातून गोदावरीत पाणी सोडलं जात होतं. सायखेड्याला पुलाखाली गढूळ पाणी घुसळत होतं, काठावरच्या लोकांनी सामान वरच्या घरांत हलवलं होतं. मी तिथून बातमी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी देवळ्याला आलो. बुटांना सायखेड्याचा चिखल होता. तो या गावातल्या रस्त्यावर चालता चालता वाळला आणि गळून पडला. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात. दोन्हींची बेरीज करून भागाकार केला की जिल्ह्याची सरासरी येते. त्या आठवड्यात आमच्या दैनिकाचा मथळा होता, ‘जिल्ह्यात पाऊस सरासरीच्या जवळ’. मथळा मीच दिला होता. त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता.

दुष्काळ आभाळात मोजायची सवय जुनी आहे. तो मोजायला हवा खाली, मातीत. आधी माती सुकते. मक्याची पानं दुपारी सुरळीसारखी गुंडाळतात आणि संध्याकाळी उलगडतात. मग एक दिवस उलगडत नाहीत. त्यानंतर ओढा थांबतो, मग नदी, मग विहीर. सगळ्यात शेवटी बातमी. या भागातले शेतकरी चांगल्या पावसाला एक वाक्य वापरतात, ‘ओलीला ओल भेटली’. वरून मुरत गेलेली ओल जमिनीच्या पोटातल्या जुन्या ओलीला जाऊन मिळाली, म्हणजे वर्ष निभावलं. त्या वर्षी भेट झालीच नाही. मधे हातभर कोरडी माती राहिली.

या गावात पुलाच्या खांबावर एक पट्टी आहे. पांढऱ्यावर काळे आकडे, सेंटिमीटरच्या खुणा. नदीच्या पाण्याची पातळी रोज सकाळी आठ वाजता त्या पट्टीवर वाचायची आणि नोंदवहीत लिहायची, हे काम विमलताई करायची. पन्नाशीची बाई, रोजंदारीवर. आधी हे काम तिचा नवरा करायचा. तो गेल्यावर वही तिच्याकडे आली. गाव तिला पट्टीवाली म्हणायचं. दर महिन्याला वही तालुक्याच्या कार्यालयात जायची. तिथे एका तक्त्यावरून, पट्टीवर इतकं पाणी म्हणजे नदीला इतका प्रवाह, असा हिशेब लावून आकडा पुढे जायचा. दुष्काळाची यादी करताना जे चार-पाच आकडे बघितले जातात, त्यांत हा एक. मातीतल्या ओलीचा दुसरा.

पूल आधीचा. पट्टी त्यानंतरची. बंधारा सगळ्यात शेवटी झाला, पुलापासून हाकेच्या अंतरावर, खालच्या अंगाला. तो बांधताना पट्टीचा विचार कुणी केला नाही. तरी बिघडत नव्हतं, कारण फळ्या पडायच्या पावसाळा संपल्यावर आणि कार्यालयाला हवी असायची पावसाळ्यातली नोंद.

त्या वर्षी गावाने फळ्या श्रावण संपता संपताच टाकल्या. नदी करंगळीएवढी झाली होती; जे आहे ते अडवावं, हा विचार. बंधाऱ्याचं सगळं नाना बघायचे. सत्तरीचे, कांद्याचे जुने शेतकरी, डोक्यावर टोपी, आवाज शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. विमलताई काठावर उभी राहून म्हणाली, “नाना, फळ्या टाकल्या का माझी पट्टी खोटं बोलंल.”

“बोलू दे. तुझी पट्टी सरकारची हाय. पानी गावाचं हाय.”

“वर तुंबलेलं पानी पट्टीला लागंल. कार्यालयाला वाटंल नदी वाहती.”

“मग तू लिही ना, वाहत नाय म्हणून. लिहायला तर ठेवलंय तुला.”

तिने लिहिलं. मी ती वही नंतर बघितली. पातळीच्या रकान्यात पासष्ट, पासष्ट, चौसष्ट, पासष्ट. आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात रोज, त्याच अक्षरात, त्याच दोन शब्दांत: प्रवाह नाही. यादी लागेपर्यंत एकोणतीस दिवस. कार्यालयातल्या संगणकात पातळीला जागा होती. शेऱ्याला नव्हती.

पहिली पाहणी भाद्रपदात झाली. तालुक्याची गाडी आली, कृषी सहायक महेश गिरमिट घेऊन आला. आडव्या मुठीचं लांब लोखंडी गिरमिट जमिनीत फिरवायचं, खोलीवरची माती बाहेर काढायची, पत्र्याच्या डबीत भरायची, वजन करायचं. मग भट्टीत वाळवून पुन्हा वजन. फरक म्हणजे ओल. मातीला खोटं बोलता येत नाही अशी ही पद्धत. तिला खोटं बोलायला लावलं नानांनी, आणि तेही माणुसकीपोटी.

या भागात आल्या पाहुण्याला वाईट पीक दाखवत नाहीत. हे कुठे लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळे. सोयरीक जमवायला आलेली माणसं असोत की बियाण्याच्या कंपनीचा माणूस असो, त्यांना बांधावरून फिरवून सगळ्यात हिरव्या तुकड्याशी आणून उभं करतात. मेलेला तुकडा हे घरातलं दुखणं. ते परक्यापुढे काढायचं नसतं. नानांच्या दोन एकर मक्याने मान टाकली होती. पण विहिरीच्या खालच्या अंगाला त्यांनी कांद्याचं रोप टाकलं होतं आणि विहिरीत उरलेलं पाणी कळशीने घालून जगवलं होतं. चटईएवढे वाफे, हिरवेगार. गाडी आली तसे नाना साहेबांना थेट तिकडे घेऊन गेले. महेशने गिरमिट तिथेच लावलं. माती कणकेसारखी वर आली. डबीचं झाकण लागलं, चहा झाला, गाडी गेली.

यादी लागली तेव्हा शेजारची महसूल मंडळं त्यात होती. या गावाचं मंडळ नव्हतं. पाऊस सरासरीच्या जवळ. ओल पुरेशी. नदीला प्रवाह.

यादीत नाव नसणं म्हणजे काय, ते नाशिक शहरात बसून कळत नाही. टँकर नाही. चारा छावणी नाही. गावात जनावरं होती, दोन विहिरींना तळ दिसत होता आणि बंधाऱ्यातलं पाणी गुरांना पाजलं तर दिवाळीपर्यंत पुरेल, असा नानांचा अंदाज होता. दिवाळीनंतर जून यायला सात महिने असतात.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक बसली. मी एका कोपऱ्यात होतो. बोलणं लवकरच भांडणावर आलं.

“रोपात कशाला नेलं तुम्ही त्यांना?” कुणीतरी नानांना विचारलं.

“मंग काय मेलेल्या मक्यात बसवून चहा पाजू? पाव्हना हाय तो!”

“पाव्हना नव्हता, नाना. पंचनामा होता.”

हशा झाला, पण थोडा. मग ठरू लागलं की हरकत घ्यायची, दुसरी पाहणी मागायची आणि पाहणीच्या आदल्या दिवशी फळ्या काढून टाकायच्या. पाणी जाईल ते जाईल. पट्टी उघडी पडेल, नदी कोरडीठाक दिसेल, साहेबाच्या डोळ्यांपुढे. माना हलल्या. कल्पना चांगली होती. पुरावा म्हणून याच्याइतकं नजरेत भरणारं दुसरं काही नव्हतं.

विमलताई दाराशी उभी होती. तिथूनच बोलली. “एक थेंब सोडायचा नाय.”

“अगं पन पट्टीवर पानी दिसतं ना!”

“दिसू द्या. पानी हाय म्हणून दिसतं. ते ढोरांचं हाय. खरं दाखवायला ढोरांच्या तोंडचं पानी सोडायचं? आन उद्या कुणी सांगितलं, ह्यांनी रातोरात नदी कोरडी केली, मंग? माझी वही पन खोटी, तुम्ही पन खोटे.”

“तुझी वही कोन वाचतंय, पट्टीवाली?”

“वाचली नाय म्हणून तर बसलोय हितं. आता वाचायला लावू.”

नाना म्हणाले, “बाई बरोबर बोलती. आपन आधीच दोनदा शानपना केलाय. एक फळ्यांचा, एक रोपाचा. तिसरा नको.”

मला त्या वाक्याची बातमी करता आली नाही. बातमीत ‘ग्रामस्थ संतप्त’ असं छापून आलं. संतप्त ते होतेच. पण त्या ओट्यावर बघायला मिळाली ती दुसरीच गोष्ट, आणि तिला मथळ्यांच्या शब्दांत नाव नाही. खोट्या आकड्याने त्यांना बुडवलं होतं, त्यांच्या हाताशी दुसरा खोटा आकडा तयार होता, आणि त्यांनी तो घेतला नाही.

दुसरी पाहणी आश्विनात. ऊन असं की पुलाच्या कठड्याला हात टेकवत नव्हता. आदल्या संध्याकाळी हलकी भुरभुर येऊन गेली होती, त्यामुळे वरची माती ओलसर, काळी, फसवी. तालुक्याहून आलेले अधिकारी मध्यमवयीन, शांत, नेमकं बोलणारे. त्यांच्याकडे तक्ता होता, गुळगुळीत कागदाचा. महेश खाली मान घालून गिरमिट पुसत होता.

नाना पुढे झाले. चेहऱ्यावर, मुलीच्या लग्नात वाढायला काही उरलं नाही हे सांगताना असावा तसा भाव. “या साहेब,” ते म्हणाले, “आज वाईट वावर दाखवतो.” आणि त्यांनी त्यांना सगळ्या गावादेखत मेलेल्या मक्यात नेलं.

गिरमिट दोन बोटं खाली गेलं तोवर माती चिकटत होती. पुढे आवाज बदलला. करकर. वर आलेली माती पात्यावर टिकेना, भुकटी होऊन उडाली. आकाशातून ओल बघणाऱ्या उपग्रहाला मातीचा हा वरचा पापुद्राच कळतो. तो त्या दिवशी ओला होता. महेशने हातभर खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबली. मूठ उघडली. लाडू झाला नव्हता. त्याने ती माती अधिकाऱ्यांच्या तळहातावर ओतली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. “मागच्या वेळी मी रोपात गिरमिट लावलं होतं, साहेब. चूक माझी आहे. लिहून देतो.”

नाना म्हणाले, “त्याची नाय, माझी. मी चहा पाजला त्याला.”

मग सगळे पुलावर आले. खाली पाणी निश्चल, हिरवट, त्यात पुलाची सावली आणि पट्टीवर पासष्ट.

“ताई,” अधिकारी म्हणाले, “तुमची तळमळ कळते. पण पासष्टला ही नदी वाहते. हा तक्ता मी घरी बसून नाही केला. नदीत उतरून, मोजून केलेला आहे.”

“कधी मोजला?”

त्यांनी कागद उलटा करून बघितला. “बंधारा व्हायच्या आधी.”

“मंग तो त्या नदीचा हाय. ही दुसरी.”

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “ते मी लिहू शकत नाही. मला मोजमाप लागेल. प्रवाह मोजायचं यंत्र आज आणलेलं नाही.”

“यंत्र आमच्याकडं हाय,” विमलताई म्हणाली आणि पिशवीतून एक कांदा काढला.

लोक हसले. ती हसली नाही. पान टाकलं तर वारा नेतो, काटकी टाकली तरी नेतो. कांदा जवळपास सगळा पाण्याखाली राहून तरंगतो, जरासं डोकं वर, म्हणून तो पाणी जाईल तसाच जातो. यंत्र यायचं नाही तेव्हा तिचा नवरा असंच मोजायचा. हे अधिकाऱ्यांना ठाऊक असावं. त्यांनी घड्याळ काढलं. काठावर दहा मीटर अंतराने दोन काठ्या ठोकल्या गेल्या. विमलताई कंबरेइतक्या पाण्यात उतरली, लुगडं भिजू देत, आणि वरच्या काठीच्या रेषेत तिने कांदा सोडला.

नदी वाहत असती तर हे काम मिनिटाभराचं. एक मिनिट झालं. पाच झाली. कांदा होता तिथे होता. पुलावर माणसं वाकून बघत होती. दहा मिनिटांनी वाऱ्याची झुळूक आली आणि कांदा हळूच, वीतभर, वरच्या अंगाला सरकला.

“घ्या,” नाना म्हणाले, “नदी माघारी निघाली कळवणला.”

यावर मात्र अधिकारीही हसले. पण त्यांनी घड्याळ बंद केलं नाही. वीस मिनिटं ते त्या उन्हात उभे राहिले. मग त्यांनी वही मागितली, श्रावणापासूनची. एकेक पान उलटलं, शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून. माझ्या टिपणवहीत त्या वेळची एकच ओळ आहे: ‘वाचत आहेत.’ सगळं वाचून झाल्यावर त्यांनी पाहणीच्या कागदावर पातळी लिहिली आणि तिच्यापुढे प्रवाह शून्य असं लिहून सही केली. संगणक हे घेणार नाही, ते म्हणाले. पातळी असताना शून्य प्रवाह त्याला मान्य नसतो. कागदच वर पाठवावा लागेल. “आणि मी लिहिलं म्हणजे होईलच, असं नाही.”

“लिवलं ना,” ती लुगडं पिळत म्हणाली. “आता व्हायचं ते होऊ द्या.”

पुरवणी यादीत मंडळाचं नाव आलं. पेढे कुणी वाटले नाहीत. दुष्काळ जाहीर झाल्याचे पेढे नसतात. नाना तेवढं म्हणाले, “नापासात पास झालो एकदाचे.” छावणी लागली. टँकर आला, उशिरा आला, पण आला. बंधाऱ्यातलं पाणी दिवाळीनंतरही काही आठवडे जनावरांना पुरलं, कारण ते सोडलेलं नव्हतं.

त्या हंगामानंतर मी जिल्ह्याची सरासरी मथळ्यात देणं सोडलं. संपादकांना ते आवडलं नाही. वाचकाला एक आकडा हवा असतो, ते म्हणायचे. वाचकाला काय हवं असतं ते मला आजही नक्की माहीत नाही. पण निफाडच्या द्राक्षबागेतला आणि देवळ्याच्या माळावरचा माणूस एकाच आकड्यात बसवला की त्यातल्या एकाचं तोंड बंद होतं. कुणाचं, ते दर वेळी ठरलेलं असतं. आकड्याचा राग धरून उपयोग नाही. आकडा कुठे उभं राहून घेतला, एवढं विचारत राहायचं. आणि उत्तर मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही. त्या बाईने पाण्यात उभं राहून हेच केलं होतं.

गेल्या आठवड्यात त्या गावात थांबलो. पुलावर आता सौरऊर्जेवर चालणारं यंत्र आहे. दर थोड्या वेळाने पातळी आपोआप वर पाठवतं, फक्त पातळी. विमलताईचं काम संपल्याचं पत्र तिला मिळालेलं आहे. तिने पत्र घेतलं, पोच दिली आणि बाजारातून शंभर पानी वही आणली. त्यात पट्टीने रेघा मारून एक जादा रकाना पाडला: वाहते का. सकाळी आठला ती पुलावर जाते आणि त्या रकान्यात हो किंवा नाही लिहिते. महिना संपला की एसटीने तालुक्याला जाते.

पहिल्यांदा गेली तेव्हा खिडकीतल्या लिपिकाने वही परत सरकवली. “मावशी, हे आता आम्ही घेत नाही. हा नमुनाच बंद झालाय.”

“नका घेऊ. पन आवक शिक्का मारा. तारीख टाका.”

“कशाला?”

“मी आणून दिलं होतं, तेवढं असू द्या.”

त्याने साहेबांना विचारलं. साहेबांनी खांदे उडवले. शिक्का पडला. दुसऱ्या महिन्यात तिला दोन तास बसवून ठेवलं, ती बसली. तिसऱ्या महिन्यात शिक्का सापडत नव्हता. सापडेपर्यंत ती थांबली. आता ती दारात दिसली की लिपिक न बोलता शाईची पेटी उघडतो.

मी विचारलं, कुणी वाचतं का? तिने माझ्याकडे असं बघितलं की प्रश्न परत घ्यावासा वाटला.

“वाचायचं काम त्यांचं,” ती म्हणाली. “पन पुढच्या टायमाला कुनी बोललं ना, नदी थांबल्याचं आमाला कळलंच नाय, तर शिक्का त्यांचा हाय.”